सतरा नंबर रजेवर

राजाराम मोहिते गुरुजींचा शेवटचा साधा दिवस फणसाखाली गेला.

फेब्रुवारीतला रविवार होता. अंगणातल्या फणसाच्या सगळ्यात जाड फांदीला साखळीची कप्पी बांधली होती, कप्पीला एक अख्खं इंजिन लटकत होतं, आणि ते खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या आठशे मोटारीच्या पोटात उतरवायचं काम सकाळपासून चाललं होतं. आत्माराम मेकॅनिक साखळी ओढत होता आणि गुरुजी "सावकाश" म्हणत होते. कामाची विभागणी एवढीच होती, पण दुपारपर्यंत दोघे सारखेच दमले.

इंजिन पालीच्या एका डॉक्टरांच्या गाडीतलं. डॉक्टरांच्या गाडीवर माड पडला होता. छपराची चपाती झाली, पण इंजिनावर ओरखडासुद्धा उठला नाही. गुरुजींच्या गाडीचं नेमकं उलट, वरून धडधाकट आणि आतून संपलेली. स्थळं जुळवणाऱ्याच्या उत्साहाने आत्मारामने हा योग जुळवून आणला.

गुरुजी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले. हजेरी घेतल्याशिवाय त्यांना कुठलीही गोष्ट सुरू करता येत नसे. जुनं इंजिन काढताना सुटणाऱ्या प्रत्येक वायरीला त्यांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर नंबर घातला, आणि शाळेच्या कपाटात वाळवी लागेपर्यंत कोरा पडलेला एक हजेरीपट घरी आणला होता, त्यात त्या सगळ्यांची पटनोंदणी केली. आत्माराम त्यांचाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. चाळिशी उलटली तरी गुरुजींच्या अक्षरातला आकडा दिसला की तो सरळ उभा राहायचा.

गुरुजींची मुलगी रेणुका पडवीत पुस्तक वाचत बसली होती. ती शहरातल्या कॉलेजात ग्रंथपाल. रविवार हा एकच दिवस तिला पुस्तकं मोजण्याऐवजी वाचायला मिळे, त्यामुळे अंगणात इंजिन लटकतंय की हत्ती, याकडे तिचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी गुरुजी मागच्या दारी मोरीपाशी बसून काहीतरी आमसुलं लावून घासत होते, आणि आमसुलं आमटीत घालायची असतात असं आई त्यांना सांगत होती. तेही रेणुकाने मान वर न करता ऐकलं. मग ओले हात धोतराला... नव्हे, पायजम्याला पुसत गुरुजी पडवीत आले. धोतर त्यांनी लग्नातसुद्धा नेसलं नव्हतं, पण इतकी वर्षं पुस्तकं वाचल्यावर आठवणीतल्या वडिलांना आपोआप धोतर नेसवलं जातं.

"रेणू, उद्या सगळं जोडून होईल," ते म्हणाले. "पहिली चावी तू फिरवायची."

रेणुकाने पान उलटलं आणि म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत असताना गुरुजी खुर्चीत बसले, छातीला हात लावला, आणि उठले नाहीत.

पुढची गोष्ट त्यानंतरची आहे आणि ती गाडीची आहे. रेणुकाला विचारलंत तर ती फक्त गाडीचीच आहे, असं ती शपथेवर सांगेल.

जलदानविधी झाला, माणसं आली आणि गेली, गाडीवर ताडपत्री पडली. ताडपत्रीवर पाऊस पडला, त्यावर फणसाची पानं कुजली, आणि खाली एका मांजरीने एकाच हंगामात दोनदा संसार मांडला. दिवाळी झाल्यावर मुंबईहून प्रज्ञेशचा फोन आला. प्रज्ञेश हा रेणुकाचा धाकटा भाऊ, बँकेत नोकरीला, आणि भावनेचा प्रश्न मुद्द्यात मांडण्याची त्याला सवय. त्याचे मुद्दे तीन होते. गाडीची नोंदणी नोव्हेंबरअखेर संपते. नोंदणी संपल्यावर ती गाडी नसून मोठी कुंडी असते. आणि कोल्हापूरचा एक भंगारवाला महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन रत्नागिरीत येणारच आहे.

आईचं, म्हणजे नंदाताईंचं मत विचारलं. गाडी गेली तर त्या जागेवर अळू चांगलं येईल, असं त्या म्हणाल्या.

रेणुका गाडी द्यायला तयार नव्हती. कारण मात्र ती कोणाला सांगू शकत नव्हती, आणि ते कारण गाडीच्या डाव्या गालावर सगळ्यांना दिसत होतं. तिथे एक पोचा होता. अकरा वर्षांपूर्वी गाडी नवीन घेतली, म्हणजे कुणीतरी जुनी केलेली यांनी नवीन म्हणून घेतली, तेव्हा शेजारच्या गुरुप्रसादकाकांच्या गडग्याला ती धडकली होती. जांभ्या दगडाचा, गुरुप्रसादकाकांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने रचलेला तो गडगा चार हात खाली आला. काका तेव्हा आंघोळीला गेले होते. ते टॉवेलवर बाहेर येईपर्यंत गुरुजी चाकामागे बसलेले होते आणि म्हणाले, "माझाच पाय चुकला."

पाय रेणुकाचा चुकला होता. धडक बसल्यावर गुरुजींनी तिला फक्त "सरक तिकडे" म्हटलं आणि स्वतः तिच्या जागेवर बसले. पस्तीस वर्षं मुलांना रोज सकाळी पंचशील म्हणायला लावणारा, त्यातलं खोटं न बोलण्याचं चौथं शील फळ्यावर लिहून समजावणारा माणूस. त्याच्या आयुष्यातलं रेणुकाला ठाऊक असलेलं हे एकमेव खोटं. पुढे अकरा वर्षं त्या खोट्याची थट्टा झाली. गुरुप्रसादकाकांनी लग्नात, बारशात, मतदानाच्या रांगेत गुरुजींना गडगा ऐकवला, आणि दर वेळी सगळ्यांत आधी गुरुजीच हसले. रेणुकाने पुढे परवाना काढला, गाडी बरी चालवू लागली, पण जाता-येता गडग्याचं वळण आलं की ती उतरायची आणि चाक वडिलांच्या हाती द्यायची. खरं सांगायचं ते उद्यावर राहिलं. उद्या भरपूर होते, असा तिचा समज होता.

आता गाडी भंगारात गेली की पोचाही जाणार, आणि गडगा कायमचा गुरुजींच्या नावावर चढणार. म्हणून तिने प्रज्ञेशला सांगितलं की गाडी चालू करून, नोंदणी वाढवून दाखवते. प्रज्ञेशने वारस म्हणून लागतील त्या कागदांवर सह्या करून पाठवल्या आणि एकच अट घातली. नोंदणी झाली नाही, तर रविवारी टेम्पो.

आरटीओत रेणुका आत्मविश्वासाने गेली. आयुष्यभर इतरांकडून फॉर्म भरून घेतलेल्या बाईला फॉर्मची कसली भीती? तिने सुवाच्य अक्षरात सगळे रकाने भरले, काळ्या शाईने, खाडाखोड न करता. खिडकीतल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि अत्यंत अदबीने विचारलं, "म्हणजे आपण वारला आहात का?"

मयत मालकाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि अर्जदार म्हणून राजाराम मोहिते.

"अजून नाही," रेणुका म्हणाली.

त्या गृहस्थांनी नवा फॉर्म दिला आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली. त्या खुर्चीने तिचा जास्त अपमान झाला. पण माणूस भला होता. त्याने समजावून सांगितलं की इंजिन बदललंय, तेव्हा नवा नंबर गाडीवर प्रत्यक्ष बघूनच नोंदवावा लागतो, आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत यायला हवी. ओढून आणलेली बघत नाहीत. तारीख मिळाली ती महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची, सकाळी दहाची. टेम्पोच्या दोन दिवस आधी.

आत्माराम त्याआधीच्या शनिवारी आला. ताडपत्री काढली, मांजरीची समजूत घातली, नवी बॅटरी बसवली, आणि चिठ्ठ्या बघत एकेक वायर जागच्या जागी लावली. पावसात चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, पण आकडे स्वच्छ होते. एकेक चिठ्ठी सोडून तो शर्टाच्या खिशात ठेवत होता, फेकत नव्हता. सगळ्या संपल्यावर म्हणाला, "झालं, ताई. फिरवा चावी."

एव्हाना अंगणात शेजार जमला होता. रेणुका चाकामागे बसली. पहिली चावी. तिने ती फिरवली.

गाडी म्हणाली, "टक."

एवढंच. पुन्हा फिरवली, पुन्हा "टक." हॉर्न वाजत होता, दिवे लागत होते, वायपर कोरड्या काचेवरून करकरत फिरत होता. म्हणजे इतर सर्व खाती कामावर हजर होती आणि फक्त मुख्य खातं संपावर होतं.

आपल्याकडे गाडी बंद पडली की ती मालकाची राहत नाही. पहिलं मत बॅटरीविरुद्ध पडलं. दुकानदाराने फसवलं म्हणून बॅटरी परत गेली आणि दुसरी आली. टक. मग पेट्रोल शिळं असल्याची वार्ता पसरली. ते काढून ताजं भरलं. टक. स्टार्टर काढला, तो बाहेर जमिनीवर धरून थेट बॅटरीला जोडला तर असा गरगरला की आत्मारामच्या हातातून सुटून तुळशीकट्ट्यापर्यंत गेला असता. मोहित्यांकडे तुळशीकट्टा नाही म्हणून अबोलीच्या वाफ्यात गेला. परत बसवला. टक. प्रज्ञेशने मुंबईहून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन इंजिनाकडे धरायला सांगून शांतपणे बघत राहिला. पाच मिनिटांनी म्हणाला की दिसायला तर चांगलं दिसतंय.

गुरुप्रसादकाका वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं निदान पहिल्या मिनिटापासून तयार होतं. "अर्थिंग," ते म्हणाले.

कोणी लक्ष दिलं नाही, कारण गुरुप्रसादकाकांच्या मते सगळ्याचं मूळ अर्थिंग होतं. टीव्हीला मुंग्या आल्या, अर्थिंग. माडाची फळं गळतात, अर्थिंग. सख्ख्या बायकोचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा त्यांनी तिला अनवाणी कातळावर चालायला लावलं होतं. आत्मारामने बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला गेलेली काळी वायर त्यांना हलवून दाखवली. ही काय, आहे की अर्थ, गुरुजींच्या हातची चिठ्ठी होती तिला. काका रुसून गडग्यावर जाऊन बसले.

सोमवारी पूर्णगडची सखूमावशी मासळीची पाटी घेऊन आली. गाडीला नजर लागली आहे हे तिला पाटी खाली ठेवायच्या आत कळलं. गुरुजींनी हयातभर घरात असलं काही येऊ दिलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने कोणी बघत नाही असं पाहून लिंबू-मिरची गाडीच्या पुढच्या पट्टीला बांधली. नंदाताईंनी ती दुपारी सोडली. लिंबू तिच्याच पाटीतल्या बांगड्यांना लावलं, मिरची वाटणात गेली, आणि गुरुजींच्या तत्त्वाला कुठेही बाधा आली नाही. जेवल्यावर त्या मोरीपाशी तवा खसाखसा घासत रेणुकाला म्हणाल्या, की हट्ट बापाचा घेतलास, तर थोडी चिकाटीही घे. तवा आरशासारखा चकाकत होता.

मंगळवारी धूर निघाला. आत्माराम चावी फिरवत होता, रेणुका वाकून बघत होती, आणि अ‍ॅक्सिलरेटरची बारीक तार एकदम तापून तिच्यावरचं आवरण वितळायला लागलं. जमलेल्यांनी धूर हे सुचिन्ह मानलं. आत आग आहे म्हणजे आता पेटेलच. गुरुप्रसादकाका गडग्यावरूनच बोलले, कोणाकडेही न बघता. "करंटाला परत जायला वाट लागते. नेहमीची मोडली की तो भलत्याच गल्लीत घुसतो आणि ती गल्ली जाळतो. मी काय, मी आपला वायरमन." रेणुकाला हे वाक्य फार चांगलं वाटलं. ती ग्रंथपाल असल्यामुळे तिने ते लक्षात ठेवलं आणि त्याचा उपयोग केला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी धक्कास्टार्ट करायचं ठरलं. घरापासून विहारापर्यंत चांगला उतार आहे. चौघांनी ढकलायचं आणि बाकीच्या नऊ जणांनी कसं ढकलायचं ते सांगायचं, असा बेत झाला. गडग्याच्या वळणापर्यंत आत्माराम चाकामागे होता, पुढे सरळ उतार म्हणून रेणुका बसली. गाडी सुटली. वेग आला, रेणुकाने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीने तीन आचके दिले, तिन्ही आचक्यांना मागून टाळ्या पडल्या, आणि मग ती अत्यंत शांतपणे, आवाज न करता, विहाराच्या फाटकापर्यंत घरंगळत जाऊन उभी राहिली.

विहारात समितीची बैठक होती. अजेंड्यावर रंगकाम होतं. अंगणात एकदम मोहिते गुरुजींची गाडी दाखल झालेली बघून सगळे उठून बाहेर आले. त्या फाटकात ती गाडी दर पौर्णिमेला लागायची. मग अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि दोन सल्लागार यांनी गाडी उताराच्या तळापासून वर ढकलत आणली, आणि रंगकाम एकमताने पुढच्या बैठकीवर गेलं. वळण येईपर्यंत रेणुका आत बसून चाक धरत होती. इतक्या वयस्कर माणसांना घाम गाळायला लावून आपण बसून आहोत, याची तिला इतकी लाज वाटली की ती सारखी आरशातून "सॉरी" म्हणत होती. काच बंद होती.

बुधवार, गुरुवार तिने गाडीची माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग शेवटून पहिल्यापर्यंत. तिला इंजिनाची माहिती अशी झाली की परीक्षा असती तर पहिली आली असती. गाडी परीक्षेला बसायला तयार नव्हती.

शुक्रवार उजाडला. सात वाजता रेणुकाने हार मानली. तारीख रद्द करायची, प्रज्ञेशला कळवायचं, आणि गाडीतलं सामान काढून ठेवायचं, एवढंच शिल्लक होतं. ती गाडीत बसली आणि डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत पुसायचं फडकं होतं, चष्म्याची रिकामी डबी, श्रीखंडाच्या गोळ्यांची पुडी, आणि त्याखाली तो हजेरीपट.

हजेरीपट तिथे आहे, हे तिला नऊ महिने माहीत होतं. माहितीपुस्तिका त्याच्याच वर होती, ती काढताना तिने दर वेळी हजेरीपट हलक्या हाताने खाली दाबला होता. हाती लागेल ते वाचणारी, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी बाई. ते अक्षर मात्र तिला वाचायचं नव्हतं. आता सामान काढायचं म्हणजे तो काढावा लागणार होता. तिने तो मांडीवर घेतला आणि उघडला.

पहिल्या पानावर "इयत्ता : इंजिन. वर्गशिक्षक : रा. मोहिते." खाली नंबर, नाव, शेरा. एक, बॅटरीची लाल वायर, हजर. दोन, बॅटरीची काळी, हजर. पाच, पंख्याची, हजर पण सैल, समज दिली. नऊ, नाव माहीत नाही, आत्मारामलाही माहीत नाही, तरीही हजर. रेणुका हसली. कित्येक दिवसांनी असं कोणी न बघता हसणं झालं. सोळापर्यंत सगळे हजर होते.

सतराव्या नंबरापुढे लिहिलं होतं, "इंजिन ते बॉडी अर्थपट्टी, तांब्याची वेणी. रजेवर. खाऱ्या हवेने अंगावर हिरवं चढलं आहे. घरी नेऊन आमसुलाने आंघोळ. सोमवारी हजर होईल."

मागच्या दारी मोरीपाशी आई रात्रीचा माशाचा तवा घासत होती. खस, खस, खस.

रेणुका धावली. आयुष्यात ती फार वेळा धावलेली नव्हती, त्यामुळे वाटेत एक चप्पल पडवीत आणि दुसरी स्वयंपाकघरात राहिली. आईच्या हातात वीतभर लांबीची, तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी होती. दोन्ही टोकांना भोक असलेली कडी.

"आई, ही कुठे मिळाली?"

"मोरीच्या कठड्यावर होती. यांनी आणली होती बाजारातून," आई म्हणाली. "नऊ महिने झाले, एक तार सुटली नाय. टांगायला कडीसुद्धा दिलीय बघ."

रेणुकाने ती मागितली. आईने आधी तवा पुरा केला, पट्टी स्वच्छ विसळली, पदराने पुसली आणि मग दिली. देताना एकच विचारलं, आता भांडी कशाने घासू?

आत्माराम आठ वाजता आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. रेणुकाने हजेरीपटाचं पान उघडून समोर धरलं, आणि चाळीस पार केलेला, स्वतःचं गॅरेज असलेला तो माणूस फळ्यापाशी उभं केल्यासारखा कानापर्यंत लाल झाला. खिशातल्या चिठ्ठ्या काढून त्याने मोजल्या. सोळा. "गुरुजींची चिठ्ठी नाही म्हणजे वायरही नाही, असं धरून चाललो मी, ताई," तो म्हणाला. "मोजायला हवं होतं. हेच सांगून सांगून दमले ते मला."

गुरुप्रसादकाका गडग्यावरून उतरून कधी आले ते कोणाला कळलं नाही. त्यांनी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, दोन्ही कड्यांवरून अंगठा फिरवला. पन्नास वर्षांत प्रथमच त्यांचं बरोबर निघालं होतं. इतका मोठा विजय पचवायची त्यांना सवय नव्हती. ते फक्त म्हणाले, "चकाकी बघ काय आहे," आणि पट्टी स्वतः इंजिनाला लावायचा मान मागितला. आत्मारामने पाना त्यांच्या हातात दिला. एक कडी इंजिनाला, एक कडी पत्र्याला. तिला अजून बांगड्यांच्या तव्याचा बारीक वास येत होता.

"फिरव गो," काका म्हणाले.

रेणुकाने बाजूच्या रिकाम्या सीटवर हजेरीपट ठेवला. चावी फिरवली.

गाडी "टक" म्हणालीच नाही. ती खोकली, घसा साफ केला, फणसावरचे कावळे उडवले, मागे निळ्या धुराचा एक लोट टाकला, आणि सुरू झाली. सुरूच राहिली. सखूमावशी त्याच वेळी फाटकातून आत येत होती, तिने तिथेच पाटी टेकवली आणि आपल्या लिंबाचा गुण उशिरा का होईना आला, असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. प्रज्ञेशला फोन लावून इंजिनापाशी धरला. त्याने तो आवाज ऐकला. मग म्हणाला, "ताई, टेम्पोवाल्याला मी सांगतो," आणि बँकेत असल्यामुळे घाईने फोन ठेवला. आत्माराम बॉनेट बंद करून त्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता, तापलं तरी काढत नव्हता.

कोणीतरी नऊ वाजल्याची आठवण केली. दहाला शहरात हजर व्हायचं होतं, आणि मध्ये एकच अडथळा होता. वळण. वळणावर गडगा.

आत्मारामने चालवतो का, असं विचारलं. रेणुका नाही म्हणाली. आई मागे बसली, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन. गाडी अंगणातून निघाली आणि वळणाशी आली. इथे उतरायचं असतं, हे रेणुकाच्या पायांना अकरा वर्षं पाठ होतं आणि ते आपोआप दरवाज्याकडे वळू लागले. तिने ते क्लचवर परत आणले. चाक पूर्ण फिरवलं, थोडं सोडलं, पुन्हा फिरवलं. डावा गाल, पोच्यासकट, जांभ्याच्या दगडांपासून हातभर अंतराने असा अलगद गेला की दगडांवरचं शेवाळही हललं नसेल. मागे सगळ्या वाडीने "गेली, गेली" म्हटलं.

गुरुप्रसादकाका गडग्याला हात लावून उभे होते, तो शाबूत असल्याची खात्री करत. ते मनापासून खूश झाले होते.

"बापसापेक्षा तुझा हात बरा हाय गो," ते म्हणाले. "राजाराम असता, तर आजपण माझा गडगा खाली आला असता."

सगळे हसले. या विनोदाला पहिलं हसणं गुरुजींचं असायचं, आणि आज ते आलं नाही. ती जागा तेवढी रिकामी राहिली. रेणुकाला ती आरशातून दिसली.

तिने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, चावीला हात लावला नाही. काच खाली केली. डॉक्टरांचं इंजिन आपल्या नव्या घरात जोरात धडधडत होतं, त्यामुळे हळू बोलून भागणार नव्हतं. काकांपर्यंत, आत्मारामपर्यंत, फाटकातल्या सखूमावशीपर्यंत ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने बोलावं लागणार होतं.

"काका," ती म्हणाली, "तो गडगा बाबांनी पाडला नव्हता. गाडी मी चालवत होते."